पूजा झाली आणि प्रिंटर रुसला

२०२५ च्या दसऱ्याला बार्शीला काकांकडे गेलो होतो. म्हटलं दोन दिवस पुरणपोळी खायची, सोनं वाटायचं, दुपारी पंख्याखाली आडवं व्हायचं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत. पण घरातला एक जण कॉम्प्युटरवर काम करतो एवढं कळलं की तो सगळ्या खानदानाचा मेकॅनिक होतो, मग तुम्ही सॉफ्टवेअर लिहिता की एक्सेलमध्ये पगारपत्रक बनवता याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. मी पगारपत्रकवाला आहे.

काकांचं तहसील कचेरीच्या रस्त्याला दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो (बोर्डावरच्या 'फोटो'मधला 'टो' गेली चार वर्षं गळालेला आहे, विचारलं की म्हणतात पावसाळा झाल्यावर बघू). सप्टेंबरात आमच्या सोलापूर-धाराशिव पट्ट्यात पावसाने जे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे दुकानात तेव्हा नुसती शेतकऱ्यांची गर्दी. सातबारा काढून द्या, आधारची झेरॉक्स द्या, पासबुकाचं पहिलं पान द्या, आणि हे सगळं दोन दोन प्रतींत. म्हणजे प्रिंटर बंद पडायला याच्याइतका वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

तर १ ऑक्टोबरला खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि झेरॉक्सच्या दुकानातली हत्यारं म्हणजे कात्री, स्टेपलर, पंच मशीन, लॅमिनेशनचं मशीन, कॉम्प्युटर आणि प्रिंटर. काकूने सगळं टेबलावरून खाली काढलं, वर्षभराची धूळ पुसली, टेबलाला नवा प्लास्टिकचा कागद घातला, परत सगळं मांडलं, प्रिंटरच्या कपाळावर (त्याला कपाळ आहे, जिथे कंपनीचं नाव असतं तिथे) हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि वर झेंडूचा हार. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दसरा, दुकान बंद.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला मी दुसऱ्या चहावर असताना काकांचा फोन.

"आरं, प्रिंटर बोलंना झालाय. लाइट हिरवी हाय, कागद हाय, टोनर परवाच भरून घेतलाय. बटण दाबलं की कॉम्प्युटर म्हणतोय दिलं, अन् प्रिंटर म्हणतोय मला काय मिळालंच न्हाई. तू ये जरा."

खरं सांगतो, सगळं निदान त्या एका वाक्यात होतं. एक म्हणतोय दिलं, दुसरा म्हणतोय मिळालं नाही, म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी हरवलंय. पण मला हे तेव्हा कळलं नाही, पुढचा सव्वा तास घालवल्यावर कळलं.

दुकानात पोचलो तर सात-आठ माणसं बाकावर आणि प्रत्येकाकडे स्वतःचं एक निदान. धाकट्या चुलत भावाला ट्रेमध्ये झेंडूची पाकळी सापडली होती, ती त्याने पुरावा म्हणून मॉनिटरवर चिकटवून ठेवलेली, त्याच्या मते तीच आत गेली आणि काहीतरी अडकलं. गावातल्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं होतं की ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) उडाला असणार, नाहीतर फॉरमॅट मारावा लागेल, संध्याकाळी येतो, ५०० रुपये व्हिजिट. एक आजोबा शांतपणे म्हणाले की पूजेत काहीतरी चुकलं असेल. गंमत म्हणजे आजोबा सगळ्यात जवळ पोचले होते.

मला एवढंच माहीत होतं की प्रिंटर बिघडला की कॉम्प्युटर बिघडला हे आधी ठरवायचं, नाहीतर माणूस दिवसभर दोघांमध्ये टोलवाटोलवी करत बसतो. म्हणून पहिलं काम, प्रिंटरची वायर कॉम्प्युटरपासून काढूनच टाकली. काका म्हणाले आता काढून कसं चालंल, म्हटलं थांबा. बऱ्याचशा लेझर प्रिंटरना पॅनेलवरचं एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की ते कॉम्प्युटरशिवाय स्वतःचं एक पान छापून दाखवतात, कुठलं बटण ते मॉडेलप्रमाणे बदलतं. मी दाबून धरलं, लाइट लुकलुकली, आत तो नेहमीचा गरगर आवाज, आणि एक पान बाहेर. गरम गरम, पापडासारखं जरा वळलेलं, कोपऱ्यात आतापर्यंत किती पानं छापली त्याचा आकडा. म्हणजे टोनर, ड्रम, रोलर, कागद तापवून शाई बसवणारा फ्यूजर, सगळं ठणठणीत. पाकळी निर्दोष सुटली. (ज्यांच्याकडे स्कॅनरवाला ऑल-इन-वन आहे त्यांनी सरळ एक झेरॉक्स मारून बघायची, तेच काम होतं.)

मग वायर. ही वायर म्हणजे एका बाजूला चपटं टोक, ते कॉम्प्युटरला, आणि दुसऱ्या बाजूला तो जाडसर चौकोनी ठोकळा, तो प्रिंटरला. जोडल्या जोडल्या स्पीकरमधून टिंग-टोंग झालं. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला काय काय जोडलंय त्याची यादी, उघडला तर यूएसबीच्या यादीत 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' अशी ओळ आलेली. वायर काढली की ओळ गायब, लावली की हजर. मी हे तीनदा केलं, गरज एकदाचीच होती पण बाकावरचे लोक बघत होते. म्हणजे वायरही बरी आणि कॉम्प्युटरला कळतंय की कोणीतरी प्रिंटर येऊन बसलाय.

तोपर्यंत चुलत भाऊ म्हणत होता की दादा अपडेटने गेलं असणार, मी वाचलंय. त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. २०२१ च्या मार्चमध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर काही प्रिंटरना प्रिंट दिली की कॉम्प्युटर सरळ निळ्या स्क्रीनवर जायचा, आणि २०२५ च्या जानेवारीतल्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपल्या मनानेच अगम्य अक्षरं छापत सुटले होते, मायक्रोसॉफ्टने दोन्ही वेळेला मान्य करून दुरुस्ती दिली. पण आमच्या कॉम्प्युटरवर त्या आठवड्यात अपडेट आलेलंच नव्हतं, इतिहासात जाऊन बघितलं. तो विषय संपला.

मग मी कंट्रोल पॅनेलमधलं 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स' उघडलं आणि मला हसूच आलं. तिथे एकाच नावाचे दोन प्रिंटर बसले होते. एक फिका, पुसट, आजारी माणसासारखा, आणि त्याच्यावर हिरवी बरोबरची खूण, म्हणजे तो डीफॉल्ट, प्रिंट दिली की आपोआप ज्याच्याकडे जाते तो. शेजारी दुसरा, चांगला ठसठशीत, नाव तेच पण पुढे 'कॉपी १'. दुकानात प्रिंटर एक आणि कॉम्प्युटरच्या वहीत दोन.

"काकू, पूजेच्या आधी ही वायर कुठे होती हो?"

"मागं होती रे. पण मागं हात जाईना, भिंतीला लागलाय ना डबा. पुढं भोक रिकामं दिसलं, घातली. भोक तर सारखंच हाय की."

आता यात काकूचं काय चुकलं सांगा. यूएसबीचं सगळं कौतुकच हे की कुठलंही भोक चालतं, पेन ड्राइव्ह कुठेही घाला, माऊस कुठेही घाला. पण प्रिंटरच्या बाबतीत एक भानगड आहे. काही प्रिंटर जोडल्यावर कॉम्प्युटरला स्वतःचा सिरियल नंबर सांगतात, ते कुठल्याही भोकात घातले तरी ओळखले जातात. आणि काही स्वस्तातले सांगतच नाहीत, मग विंडोज त्यांना भोकावरून ओळखतं. प्रत्येक भोकाला विंडोज एक नाव देतं, त्याला पोर्ट म्हणतात. मागच्या भोकातला तो यूएसबी००१, पुढच्या भोकात आला की विंडोजला वाटतं हा कोणीतरी नवीन पाहुणा, त्याला नवीन पोर्ट यूएसबी००२, नवीन नाव कॉपी १. आणि जुना बिचारा यूएसबी००१ वरच, डीफॉल्टची खूण घेऊन, रिकाम्या भोकाकडे तोंड करून बसलेला. काकांनी प्रिंट दिली की ती जाते जुन्याकडे. भाडेकरू वाड्याच्या पुढच्या खोलीत राहायला गेला आणि पोस्टमन रोज मागच्या बंद खोलीच्या फटीतून पत्रं सरकवतोय, तसला प्रकार.

काकांचा पहिला प्रिंटर डॉट मॅट्रिक्स होता, शाळेत असताना मी त्याच्या कागदाच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडून त्यांचे दागिने करायचो. त्याची वायर आठवते का कुणाला, बोटभर जाड, कॉम्प्युटरच्या बाजूला २५ पिना आणि दोन्हीकडे आवळायचे स्क्रू, प्रिंटरच्या बाजूला तारेच्या दोन क्लिपा, खटकन बसायच्या. पोर्ट एकच, एलपीटी१, दुसरीकडे घालू म्हटलं तरी जागा नाही. स्पेसिफिकेशन म्हणून यूएसबी १९९६ साली आलं आणि सगळं सोपं झालं, झालंच, मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला नाही, त्या पिना एकदा वाकल्या की टाचणीने सरळ करत बसावं लागायचं. पण पूजेला खाली काढून वर ठेवताना त्या वायरीचं भोक कधी चुकलं नसतं एवढं खरं.

असो. निदान झालं, आता उपाय. आणि इथे मी जी माती खाल्ली ती सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

फिक्या प्रिंटरवर राइट क्लिक करून 'सी व्हॉट्स प्रिंटिंग' उघडलं. आत १९ कामं रांगेत. प्रिंट येत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, परत बटण दाबतो. काकांनी दाबलं, भावाने दाबलं, मग भावाने टेस्ट पेज दिलं तीन वेळा. सगळ्यात वरचं काम कुणीतरी काढायला गेलेलं, त्याच्यापुढे 'डिलीटिंग' लिहिलेलं आणि ते काही डिलीट होत नव्हतं. वरच्या 'प्रिंटर' मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर टिक. ती टिक काढली. मग प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, तिथे यूएसबी००१ ची टिक काढून यूएसबी००२ ला दिली. काहीच झालं नाही, कारण ते डिलीटिंगवालं काम दारात अडून बसलेलं. म्हटलं स्पूलर रिस्टार्ट करू. सर्च करून 'सर्व्हिसेस' उघडलं, 'प्रिंट स्पूलर'वर राइट क्लिक, रिस्टार्ट.

स्पूल म्हणजे रीळ. कॉम्प्युटर झपाट्याने काम देतो आणि प्रिंटर आपल्या चालीने छापतो, म्हणून आधी सगळं काम डिस्कवर गुंडाळून ठेवायचं आणि मग प्रिंटरला हळूहळू सोडायचं, हे त्या स्पूलरचं काम. आणि ही रीळ डिस्कवर असते हे मी त्या क्षणी विसरलो. रिस्टार्ट केल्याने रांग पुसली जात नाही, स्पूलर उठतो, फोल्डरमध्ये राहिलेली कामं बघतो आणि म्हणतो, अरे, हे तर सगळं बाकी आहे.

तीन सेकंद शांतता. मग गरगर.

पहिलं पान आलं तेव्हा दुकानात टाळ्या पडल्या. काकांनी मानेने मला दाद दिली. दुसरं आलं. तिसरं. एका पाहुण्यांचा सातबारा सहा वेळा. कुणाचं तरी आधार कार्ड आठ वेळा. भावाची टेस्ट पेजं. मग कुठल्याशा बचत गटाची ३४ पानांची यादी, जी काकांनी सकाळी सगळ्यात आधी दिली होती आणि मग दोनदा. टाळ्या थांबल्या. काका "बंद कर, बंद कर" म्हणतायत, मी कॅन्सल दाबतोय, कॅन्सल होतंय एक आणि येतायत चार, भाऊ मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. शेवटी काकूने पुढे होऊन सरळ कागदाचा ट्रेच ओढून काढला. प्रिंटर थांबला आणि कागद संपल्याची लाल लाइट लावून गप्प बसला. एवढ्या गर्दीत डोकं फक्त तिचं चाललं.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. प्रिंटर बंद. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलरला रिस्टार्ट नाही, स्टॉप. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल आणि त्यातलं प्रिंटर्स नावाचं फोल्डर, उघडताना परवानगी विचारतं, द्यायची. आत प्रत्येक कामाच्या दोन दोन फायली असतात, एक एसपीएल, त्यात छापायचा माल, आणि एक एसएचडी, त्यात कुणी दिलं, कुठल्या प्रिंटरला दिलं ही नोंद. आतल्या फायली सगळ्या उडवायच्या, फोल्डर उडवायचं नाही. मग स्पूलर स्टार्ट, मग प्रिंटर चालू. ज्यांना काळी खिडकी आवडते त्यांनी कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेट स्टॉप स्पूलर' आणि फायली काढून झाल्यावर 'नेट स्टार्ट स्पूलर' द्यायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. रांग कोरी. एक टेस्ट पेज दिलं, एकच आलं. ड्रायव्हरला मी हातही लावला नाही, फॉरमॅटचा तर प्रश्नच नाही. ड्रायव्हर बरा होता हे त्या आधारच्या आठ कॉप्यांनी सिद्धच केलं होतं.

दुपारी जेवून आलो तर परत बंद. यावेळी टिंग-टोंग ऐकूनच कळलं. पुढचं भोक सैल होतं, गिऱ्हाइकाची पिशवी वायरीला घासली की कनेक्शन सुटायचं आणि परत लागायचं. म्हणून कॉम्प्युटरचं कॅबिनेट भिंतीपासून ओढलं (मागे दोन रिफिली, एक पाच रुपयांचं नाणं आणि २०१९ चं कॅलेंडर), वायर परत मागच्या जुन्या भोकात घातली, पोर्ट परत यूएसबी००१ केलं, कॉपी १ ला रिमूव्ह डिव्हाइस. सेटिंग्जमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' ची टिक होती ती पण काढली, कारण ती असली की जो प्रिंटर शेवटी वापरला तोच डीफॉल्ट होतो, आणि एखाद्या दिवशी पीडीएफ सेव्ह केली की दुसऱ्या दिवशी काकांचे सातबारे पीडीएफ होऊन कुठल्यातरी फोल्डरात जाऊन पडणार.

हे सगळं करून झाल्यावर चहा पिताना लक्षात आलं की मी सकाळी आल्या आल्या काकूला तो एक प्रश्न विचारून वायर मागच्या भोकात घातली असती तर जुना प्रिंटर आपोआप ऑनलाइन आला असता, फार तर रांग साफ करावी लागली असती. दहा मिनिटांचं काम. हे मी काकांना सांगितलेलं नाही, ते हे वाचत नाहीत.

काकांचा कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे, ११ मध्ये मेनूंच्या जागा आणि नावं थोडी हललेली आहेत पण पोर्ट, रांग आणि ते फोल्डर सगळं तिथेच आहे. १० चा नेहमीचा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे त्यांना मी फोनवर सांगितलं, तर म्हणाले चालतंय तवर चालू दे.

वाया गेलेल्या कागदांचं काय करायचं हा नवीन वाद झाला. काकू पाठकोरा कागद टाकून देत नाही, घरातला दुधाचा हिशोब, किराण्याची यादी सगळं पाठकोऱ्यावर. पण आधारचे आठ कागद मी मागून घेऊन बारीक फाडले, परक्या माणसाचा आधार नंबर आपल्या किराण्याच्या यादीमागे कशाला. सातबाऱ्यावाले आजोबा (तेच, पूजेत चुकलं म्हणणारे) अजून बसलेलेच होते. त्यांना काकांनी सहाच्या सहा प्रती दिल्या, पैसे एकाचेच घेतले. आजोबा म्हणाले सहा कशाला, एक पुरं. मग उठता उठता थांबले, सगळ्या घेतल्या, चार घड्या करून पिशवीत घातल्या. "ऱ्हाऊ द्या. कचेरीत काय एकदाच मागत्यात व्हय."

संध्याकाळी दुकान बंद करताना बघतो तर काकू कॅबिनेटच्या मागे वाकलेली. पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, मरून रंगाची मधल्या साइझची एक टिकली वायरीच्या चपट्या टोकावर चिकटवली आणि तसलीच एक मागच्या त्या भोकाशेजारी. काका म्हणाले, "आता प्रिंटरची ओटी पण भर." काकूने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कॅबिनेट सरकवून भिंतीला लावलं आणि मला म्हणाली, "पुढल्या खंडेनवमीला तू नाही आलास तरी चालंल बघ."